ऑस्ट्रेलियातील उन्हाळी नाताळ: ऊन सांभाळून सण कसा साजरा करावा

मेलबर्नमध्ये २५ डिसेंबरला सूर्य सर्वांत उंच येतो तो दुपारी बाराला नव्हे, तर साधारण एक वाजून वीस मिनिटांनी. सिडनीत हीच वेळ एकला पाच मिनिटे कमी असताना येते. उन्हाळ्यासाठी घड्याळे एक तास पुढे केलेली असतात आणि मेलबर्न आपल्या कालपट्ट्यात बरेच पश्चिमेला पडते, म्हणून हा फरक होतो. नाताळचे जेवण मात्र बहुतेक घरांत रीतीप्रमाणे एकच्या सुमारास वाढले जाते, आणि हवा चांगली असेल तर तेही अंगणात. म्हणजे वर्षातील सर्वांत तीव्र उन्हाच्या नेमक्या घटकेला घरातील म्हातारी माणसे, लहान मुले आणि लोण्याने माखलेले पदार्थ असे सगळे एकाच टेबलाभोवती उघड्यावर आणून बसवले जातात. म्हणून दक्षिण गोलार्धातील नाताळची आखणी करताना पदार्थांच्या यादीला हात घालण्याआधी दिवसाच्या कोणत्या प्रहरी कोठे बसायचे हे ठरवून घ्यावे. ते एकदा ठरले की काय रांधायचे, केव्हा रांधायचे, पाहुण्यांना किती वाजता बोलवायचे आणि मुलांना पाण्यावर केव्हा न्यायचे हे त्यामागून सुटत जाते.

पुढील सूचना मुख्यतः ऑस्ट्रेलियातील मराठी कुटुंबांसाठी आहेत. त्यांत वसईची व गोव्याची ख्रिस्ती घरे आहेत, ज्यांना नाताळ नवा नाही पण डिसेंबरमधील उकाडा नवा आहे. आणि शेजारी, कचेरी व मुलांची शाळा यांच्यामुळे या सणात ओढली गेलेली इतर घरेही आहेत, ज्यांना उकाडा परिचित आहे पण सण नवा आहे. दोघांच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी आखणी एकच लागते.

ऊन, सावली आणि जेवणाची वेळ

महाराष्ट्रात डिसेंबरचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि अंगणात दुपारची सावली कोठे पडेल याचा आपला अंदाज त्यावरच बेतलेला असतो. येथे तो अंदाज उलटा करावा लागतो. सिडनी व मेलबर्नमध्ये भर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे झाडाची, भिंतीची किंवा छत्रीची सावली दक्षिणेला पडते. शिवाय सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने ती आखूडच असते. सकाळी नऊला बागेत जाऊन सावलीत सतरंजी अंथरली, तर अकरापर्यंत तिचा अर्धा भाग उन्हात गेलेला असतो. जागा धरायची ती मोठ्या झाडाच्या दक्षिण ते आग्नेय बाजूस धरावी, म्हणजे दुपारभर सावली आपल्याकडे सरकत येते. घराच्या बाबतीत पश्चिमेकडील खोली ही उन्हाळ्यातील सर्वांत वाईट खोली होय. चाळीस अंशांचा अंदाज असेल त्या दिवशी तिचे पडदे सकाळी नाश्त्याच्या आधीच ओढून घ्यावेत आणि जेवणाची पंगत तेथे मांडू नये.

जेवणाच्या वेळेसाठी दोन मार्ग आहेत आणि दोन्ही चांगले आहेत. पहिला म्हणजे साडेअकराच्या आसपास जेवण उरकून, ऊन चढल्यावर सर्वांनी आत येऊन पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत पाठ टेकणे. दुसरा, आणि माझ्या मते अधिक सुखाचा, म्हणजे मुख्य जेवण संध्याकाळी सहा-साडेसहाला ठेवणे. मेलबर्नमध्ये त्या दिवशी सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो आणि सिडनीत आठच्या थोडा नंतर, त्यामुळे संध्याकाळचे जेवण असूनही दिव्यांची गरज भासत नाही. ब्रिस्बेनची गोष्ट निराळी आहे. क्वीन्सलँड घड्याळ पुढे करत नाही, तेथे पहाटे पाचच्या आतच उजाडते आणि संध्याकाळी पावणेसातला सूर्य मावळतो. म्हणून ब्रिस्बेनकरांनी दिवसाचे सर्वच काम दीड-दोन तास अलीकडे ओढावे. डार्विन व उत्तरेकडील किनारा यांना तर हा पावसाळ्याचा काळ असतो. १९७४ साली ट्रेसी या चक्रीवादळाने नाताळच्या पहाटे डार्विन शहर जवळजवळ भुईसपाट केले होते, आणि तेथील कुटुंबे आजही डिसेंबरमध्ये बेत आखताना हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर डोळा ठेवूनच आखतात.

मेलबर्नसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. या शहरात उत्तरेकडून भाजून काढणारा वारा वाहत असताना अचानक नैर्ऋत्येचा गार झोत येतो आणि तासाभरात तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरते. २०११ च्या नाताळला शहरावर मोठ्या गारा कोसळल्या होत्या. त्यामुळे अंगणातील पंगतीला घरातील पर्यायी जागा नेहमी तयार असावी, आणि पाहुण्यांना निमंत्रण देतानाच टोपीबरोबर एक पातळ स्वेटर आणण्यास सांगावे. नवीन आलेल्यांना हे सांगणे थट्टेचे वाटते. एक डिसेंबर येथे काढला की वाटत नाही.

अतिनील किरणांबाबत भारतीय घरांमध्ये एक गैरसमज घट्ट आहे, की सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही. सावळ्या त्वचेला करपण्यास अधिक वेळ लागतो हे खरे. पण सिडनीत डिसेंबरच्या दुपारी अतिनील निर्देशांक अकराच्या वर सहज जातो, त्या पातळीला डोळे व त्वचा दोन्हींना इजा होते, आणि हवा गार असो वा आभाळ अंशतः भरलेले असो, हा निर्देशांक फारसा उतरत नाही. येथे १९८१ पासून शर्ट, सनस्क्रीन आणि टोपी या तीन गोष्टींचा प्रचार होत आला आहे. पुढे त्यांत सावली आणि गॉगल यांची भर पडली. सनस्क्रीन एसपीएफ ५० अधिकचे घ्यावे, बाहेर पडण्यापूर्वी वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावावे. शाळेत मुलांना टोपीशिवाय मैदानावर सोडत नाहीत, त्यामुळे या बाबतीत घरातील मुलेच मोठ्यांना शिस्त लावतील.

डिसेंबर महिनाभराची तयारी

नाताळचे झाड खरे आणायचे असेल तर येथे ते बहुधा मळ्यात वाढवलेले रेडिएटा जातीचे पाइन असते. कापलेले झाड उष्णतेत भराभर सुकते, म्हणून ते एक डिसेंबरला आणण्याची घाई न करता दुसऱ्या आठवड्यात आणावे, घरी आल्याबरोबर बुंध्याची खालची दोन सेंटिमीटरची चकती करवतीने कापून टाकावी आणि लगेच पाण्याच्या भांड्यात उभे करावे. पहिल्या दिवशी ते काही लिटर पाणी पिऊन टाकते. भांडे एकदा कोरडे पडले की कापलेल्या भागावर डिंकाचा थर धरतो आणि मग झाड पाणी ओढत नाही. पश्चिमेच्या खिडकीपासून ते दूर ठेवावे. फुलदाणीसाठी सिडनीच्या बाजारात याच दिवसांत ख्रिसमस बुश नावाच्या स्थानिक झुडपाच्या फांद्या मिळतात. तिची पांढरी फुले वसंतातच येऊन जातात आणि नाताळच्या सुमारास फुलांखालची दले वाढून लालभडक होतात. आपण ज्यांना फुले समजून आणतो ती ही दले असतात. कापसाचा बर्फ खिडकीला चिकटवण्यापेक्षा या फांद्या घरात बऱ्या दिसतात, हे माझे वैयक्तिक मत आहे आणि मुलांना ते मान्य होईलच असे नाही.

रोषणाई पाहण्यासाठी मुलांना नेताना सूर्यास्ताचा हिशेब विसरू नये. मेलबर्नमध्ये सव्वानऊच्या आधी दिव्यांना उठाव येत नाही, आणि आयव्हनहो उपनगरातील बुलेव्हार्ड हा रस्ता असो किंवा ॲडलेडजवळच्या टेकड्यांतील लोबेथल गाव असो, तेथे पोहोचून पायी फिरून परत येईपर्यंत अकरा वाजतात. त्या दिवशी लहान मुलांना दुपारी सक्तीने झोपवावे. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवरील मायर दुकानाच्या सजवलेल्या खिडक्या आहेत. १९५६ पासून दरवर्षी त्यांत हलत्या बाहुल्यांची एखादी गोष्ट मांडली जाते, ती भर दिवसाही पाहता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. उपनगरांमध्ये स्वयंसेवी अग्निशमन दल आपल्या बंबावर सांताक्लॉजला बसवून गल्लोगल्ली गोळ्या वाटत फिरवते. त्या फेरीची तारीख स्थानिक दलाकडून आधी कळते, आणि सायरन ऐकू आला की फाटकापर्यंत धावत जाणे एवढेच काम उरते.

मेणबत्त्यांच्या प्रकाशातील सामुदायिक नाताळगीतांचा कार्यक्रम मात्र उन्हाळ्यामुळेच शक्य झालेली गोष्ट आहे. नॉर्मन बँक्स या रेडिओ निवेदकाने १९३७ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला एक वृद्ध स्त्री खिडकीत मेणबत्ती लावून एकटीच रेडिओवरील गीते ऐकत, त्यांत सूर मिसळत बसलेली पाहिली, आणि पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, मेलबर्नच्या अलेक्झांड्रा गार्डन्समध्ये लोकांना एकत्र बोलावले. आज हा कार्यक्रम २४ डिसेंबरला मेलबर्नमधीलच सिडनी मायर म्युझिक बोल या खुल्या रंगमंचावर होतो आणि दूरचित्रवाणीवरून देशभर दिसतो. त्याचे उत्पन्न अंध व दृष्टी कमी असलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जाते. सिडनीत डोमेन या उद्यानात १९८३ पासून असाच कार्यक्रम होत आला आहे. परंतु लहान मुले असलेल्या घरांनी या मोठ्या कार्यक्रमांच्या मागे न लागता आपल्या नगरपालिकेने जवळच्या मैदानावर भरवलेल्या गीतसंध्येला जावे. तेथे तिकीट नसते, गाडी लावायला जागा मिळते, आणि सतरंजी, डास पळवणारे मलम, विजेरीवर चालणारी मेणबत्ती व डब्यातील जेवण एवढ्यावर काम भागते.

सुट्टीच्या बाबतीत येथील रीत आपल्या दिवाळी आणि मे महिना या दोहोंना एकत्र जोडल्यासारखी आहे. शाळा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात त्या जानेवारीच्या अखेरीस उघडतात, शाळेचे वर्ष डिसेंबरमध्येच संपते, आणि कित्येक कचेऱ्या नाताळ ते नववर्ष बंदच असतात. घरदुरुस्तीचे कारागीर तर जानेवारीचा दुसरा आठवडा उलटल्याशिवाय फोन उचलत नाहीत. याचा अर्थ असा, की वातानुकूलन यंत्र, फ्रीज आणि ओव्हन यांची तपासणी नोव्हेंबरमध्येच करून घ्यावी. दात दुखत असेल तर तोही तेव्हाच दाखवावा. नेहमीची औषधे २३ तारखेपर्यंत घरात असावीत, कारण २५ ला सुपरमार्केट बंद असतात आणि उघडे औषधाचे दुकान शोधत गाडी फिरवावी लागते.

ताटात काय असावे

भाजलेली टर्की, भाजलेले बटाटे आणि वाफाळता पुडिंग हा ब्रिटनच्या थंडीतला बेत आहे. तो येथे दीडशे-दोनशे वर्षे निष्ठेने पाळला गेला आणि अजूनही काही घरांत पाळला जातो. पण चार तास ओव्हन चालू ठेवून घर तापवणे आणि मग ते थंड करण्यासाठी वीज जाळणे यात शहाणपण नाही. जे पदार्थ आदल्या दिवशी तयार होतात आणि थंडच खाल्ले जातात त्यांवर भर द्यावा. जुन्या रीतीची हौस असणाऱ्यांसाठी जुलैमध्ये, म्हणजे येथील हिवाळ्यात, सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांतील हॉटेले शेकोटीसह नाताळचे जेवण देतात, ते तेथे शोभते.

समुद्रकिनारी राज्यांत पहिला मान कोळंबीचा. बाजारात केशरी रंगाची दिसते ती आधीच उकडलेली असते आणि राखाडी-हिरवट दिसते ती कच्ची. विक्रेता हिरवी म्हणाला तर तिला कच्ची समजावे. थंड खाण्यासाठी केशरी घ्यावी. टरफलासह माणशी पाव किलो पुरते, कारण सोलल्यावर निम्मेच मांस उरते. सिडनीचा मासळी बाजार २३ डिसेंबरच्या पहाटेपासून २४ च्या संध्याकाळपर्यंत सलग छत्तीस तास उघडा असतो. तेथे २४ ला सकाळी दहाला जाणाऱ्यापेक्षा २३ च्या मध्यरात्री जाणारा शहाणा. घरी आणल्यावर कोळंबी पिशवीत तशीच न ठेवता खोलगट भांड्यात बर्फ, थोडे पाणी व मीठ घालून त्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी खाऊन संपवावी. सोलण्याचे काम यजमानाने अंगावर घेऊ नये. डोके पिरगाळून काढायचे, पोटाकडून टरफल उलगडायचे, पाठीवरचा काळा दोरा ओढून टाकायचा, हे प्रत्येकाने टेबलावर बसून आपापले करावे अशीच येथील पद्धत आहे. मधोमध टरफलांसाठी एक मोठे भांडे आणि हात धुण्यासाठी लिंबू घातलेल्या पाण्याचे वाडगे ठेवले की झाले. तिरफळाची चटणी किंवा कोथिंबीर-मिरचीचे हिरवे वाटण शेजारी ठेवून पाहावे. ऑस्ट्रेलियन पाहुणे आपला गुलाबी सॉस विसरतात.

डुकराचे मांस खाणाऱ्या घरांत हॅम असतेच. अख्खा पाय सात ते दहा किलोंचा असतो, लहान कुटुंबाला अर्धा पुष्कळ होतो. हॅम आधीच शिजवलेले व धुरी दिलेले असल्यामुळे त्याला फक्त वरून चकाकी द्यायची असते. कातडी अखंड सोलून काढावी पण खालची चरबी राहू द्यावी, चरबीवर सुरीने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचावी, आणि ब्राउन शुगर, मोहरीची पेस्ट व संत्र्याचा मुरंबा यांचे मिश्रण दर पंधरा-वीस मिनिटांनी लावत तासभर मध्यम आचेवर भाजावे. हे काम घरातील ओव्हनऐवजी अंगणातील झाकणाच्या बार्बेक्यूत केले तर स्वयंपाकघर गार राहते. उरलेले हॅम प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, बुळबुळीत होते. त्यासाठी सुती पिशवी मिळते. ती पाण्यात थोडे व्हिनेगर घालून भिजवावी, घट्ट पिळावी, हॅम त्यात ठेवून फ्रीजमध्ये टाकावे आणि दर दोन-तीन दिवसांनी पिशवी पुन्हा तशीच धुऊन घ्यावी.

गोडासाठी पावलोवासारखा, म्हणजे अंड्यांच्या भाजलेल्या फेसावर मलई व फळे घातलेल्या केकसारखा, उन्हाळी पदार्थ नाही. ॲना पावलोवा ही रशियन नर्तिका १९२६ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे आली होती, तिच्या नावावरून हा पदार्थ ओळखला जातो, आणि तो पहिल्यांदा कोणी केला यावरून दोन्ही देशांत अजून वाद आहे. कोल्हापूरकर आणि सोलापूरकर एकमेकांच्या रश्शाबद्दल बोलतात त्याच सुरात तो चालतो. सहा अंड्यांचा पांढरा भाग कोरड्या, तूप-तेलाचा अंशही नसलेल्या भांड्यात फेटून त्यात सुमारे ३३० ग्रॅम बारीक साखर चमच्याचमच्याने घालावी, बोटांत चोळून कण लागत नाही असे झाले की दोन चमचे कॉर्नफ्लोअर व एक चमचा व्हिनेगर मिसळावे, आणि १२० अंशांवर दीड तास भाजून ओव्हनमध्येच रात्रभर थंड होऊ द्यावे. पिवळ्या बलकाचा एक थेंब आत गेला तरी फेस चढत नाही. दमट हवेत पावलोवा चिकट होतो, म्हणून ब्रिस्बेनमध्ये तो हवाबंद डब्यात ठेवावा; मलई व फळे मात्र सर्वत्र वाढण्याच्या आधी दहा मिनिटेच घालावीत. वर चेरी, पॅशनफ्रूट आणि आंबा.

आंब्याचे नाव निघाल्यावर थांबणे भाग आहे, कारण मराठी माणसाला नाताळ आपलासा वाटण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. येथे आंब्याचा हंगाम डिसेंबरमध्ये भरात असतो आणि केन्सिंग्टन प्राइड जातीच्या आंब्यांच्या पेट्या भाजीवाल्याच्या दारात रचलेल्या असतात. या जातीचे मूळ भारतीय आंब्यांत असावे असे मानले जाते. हापूसशी तुलना करत बसू नये. त्यात दुःख आहे. पण रस गोड व भरपूर असतो, आणि दुपारच्या टेबलावर हॅमच्या शेजारी थंडगार आमरसाचे पातेले व गरम पुऱ्या ठेवल्या तर सर्वांत आधी काय संपते हे पाहावे. पुऱ्यांचा घाणा मात्र तेवढाच, शेवटच्या क्षणी, बाहेरच्या शेगडीवर काढावा.

शाकाहारी पाहुण्यांसाठी मका, हलूमी चीज, पनीर व ढोबळी मिरचीच्या काड्या बार्बेक्यूवर चांगल्या भाजतात. उद्यानांतील सार्वजनिक विजेच्या बार्बेक्यूवर आपल्या आधी कोणी काय भाजले असेल सांगता येत नाही, म्हणून बेकिंग पेपर किंवा ॲल्युमिनियमचा जाड कागद सोबत न्यावा, आणि चिमटे व ताटल्या वेगळ्या ठेवाव्यात. दुसऱ्याकडे जेवायला जाताना यजमानाने प्लेट घेऊन या असे कळवले असेल, तर भरलेला पदार्थ नेणे अपेक्षित असते हे ध्यानात असावे. कोथिंबीरवडी, भरपूर लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा श्रीखंड हे त्यासाठी सोयीचे, कारण तिन्ही थंडच खाता येतात. दही घातलेले पदार्थ बर्फावर न्यावेत.

उन्हाळ्यातील सणाचा खरा प्रश्न फ्रीजमधील जागेचा असतो. पेये फ्रीजमध्ये ठेवूच नयेत. त्यांच्यासाठी बर्फाची पेटी, जिला येथे सगळे एस्की म्हणतात, बाहेर सावलीत ठेवावी आणि २४ तारखेलाच दहा किलो बर्फ आणून ठेवावा. २५ ला पेट्रोल पंपावर बर्फ मिळेल या भरवशावर राहू नये. थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ साठच्या वर असावेत. या दोन्हींच्या मधल्या तापमानात एकूण दोन तासांपेक्षा कमी राहिलेला पदार्थ परत फ्रीजमध्ये ठेवता येतो, दोन ते चार तास राहिलेला लगेच खाऊन टाकावा, आणि चार तासांनंतर तो निःसंकोच टाकून द्यावा. आपल्याकडे अन्न टाकणे जिवावर येते, म्हणून एकदम सगळे न मांडता लहान भांड्यांतून थोडे थोडे वाढावे.

वसई-गोव्याचा फराळ परदेशी स्वयंपाकघरात

कुलकुल, नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका हे पदार्थ ज्या हवेत करण्याची सवय आहे ती डिसेंबरची कोरडी, सुखाची हवा येथे नसते. तळण आणि तासन्‌तास ढवळणे ही कामे मेलबर्नच्या त्या गार झोताच्या दिवशी ठेवावीत, जो पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी येतोच. हवामानाचा अंदाज पाहून दोन घरांनी मिळून बसावे. कुलकुल व नेवऱ्या हवाबंद डब्यांत टिकतात. बेबिंका एकेक थर वरच्या आचेवर भाजत जावा लागतो आणि ओव्हनसमोरून उठता येत नाही, म्हणून तो रात्री जेवणानंतर करावा. सोरपोतेल हे डुकराच्या मांसाचे कालवण दोन-तीन दिवस मुरल्यावरच चवीला येते, ते २२ ला करून ठेवले की नाताळला फक्त गरम करायचे. भारतातून येणाऱ्या नातलगांना फराळ आणण्यास सांगताना एक गोष्ट बजावून सांगावी: विमानातील कार्डावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करायचा. दुधाची मिठाई अडकण्याची शक्यता मोठी आहे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूबद्दल मात्र जबर दंड होतो.

मध्यरात्रीच्या मिस्साबाबत, म्हणजे चर्चमधील नाताळच्या उपासनेबाबत, मुले लहान असतील तर चोवीस तारखेच्या संध्याकाळी होणाऱ्या कुटुंबांसाठीच्या मिस्साची चौकशी करावी. बहुतेक चर्चमध्ये तो असतो, आणि तो संपतो तेव्हा बाहेर लख्ख ऊन असते, याची सवय होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. मेलबर्न व सिडनी या काळात भारताच्या साडेपाच तास पुढे असतात, त्यामुळे वसईत मध्यरात्रीचा मिस्सा सुरू होतो तेव्हा मेलबर्नमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात आणि सूर्य उगवायला जेमतेम अर्धा तास उरलेला असतो. आजी-आजोबांशी बोलायचे असेल तर मुलांना त्याच्या थोडे आधी उठवावे. दुपारी फोन लावला तर तिकडे सकाळी सगळे झोपलेले सापडतील.

समुद्र आणि आग

किनाऱ्यावर जायचे तर सकाळी दहाच्या आत जाऊन परतावे, नाहीतर पाचनंतर निघावे. पोहायचे ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, मग ती जागा कितीही गजबजलेली असो. झेंड्यांबाहेर जेथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत, गडद दिसते, तेथेच बहुधा समुद्रात ओढून नेणारा प्रवाह असतो, आणि नवख्यांना नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजत पोहू नये. उताणे तरंगत राहावे, एक हात वर करून मदत मागावी, आणि जमत असेल तर प्रवाहाला आडवे, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. पोहता न येणाऱ्यांनी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. साडी किंवा जीन्स घालून तर मुळीच नाही. पुष्कळ किनाऱ्यांवर मद्यपानास बंदी आहे, तिची पाटी आधी वाचावी.

वणव्याचा धोका असलेल्या दिवशी संपूर्ण अग्निबंदी जाहीर होते आणि ती नाताळलाही लागू असते. कोळशाची किंवा लाकडाची शेगडी त्या दिवशी पेटवता येत नाही. व्हिक्टोरियात गॅस वा विजेचा बार्बेक्यू चालतो, पण भोवतालची तीन मीटर जागा पेट घेणाऱ्या वस्तूंपासून मोकळी असावी, पाण्याची चालू नळी किंवा किमान दहा लिटर पाणी हाताशी असावे आणि एका प्रौढ व्यक्तीने तेथून हलू नये. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून २४ च्या संध्याकाळी आपल्या राज्याच्या अग्निशमन यंत्रणेचा इशारा पाहावा. फटाके घरी उडवण्याचा विचारही करू नये. जवळजवळ सर्व राज्यांत तो गुन्हा आहे.

दुसरा दिवस आणि पुढे

२६ डिसेंबरला स्वयंपाक करायचा नसतो. हॅमचे सँडविच, उरलेला पावलोवा आणि क्रिकेट. मेलबर्न क्रिकेट मैदानावर या दिवशी सुरू होणारा कसोटी सामना १९८० पासून वार्षिक रिवाज झाला आहे, आणि भारत दौऱ्यावर असेल त्या वर्षी तिकिटे महिनोन्‌महिने आधी काढावी लागतात. याच मैदानावर १९९९ मध्ये सचिन तेंडुलकरने ११६ धावा केल्या, आणि २०२० मध्ये, ॲडलेडला ३६ धावांत संघ गारद झाल्यानंतरच्या सामन्यात, कर्णधार अजिंक्य रहाणेने ११२ धावांची खेळी करून भारताला आठ गड्यांनी विजय मिळवून दिला. मैदानात जाणाऱ्यांनी तिकीट काढताना दक्षिणेकडील बाजूची उघडी आसने टाळावीत, त्यांच्या तोंडावर दुपारचे उत्तरेचे ऊन येते. सिडनीकरांसाठी त्याच दिवशी दुपारी एकला बंदरातून होबार्टकडे शिडाच्या नौकांची शर्यत सुटते. १९४५ पासून चालत आलेली ही ६२८ सागरी मैलांची शर्यत वॉटसन्स बे किंवा नॉर्थ हेडवरून फुकट दिसते, फक्त सकाळी लवकर जागा धरावी लागते.

राहता राहिला कचरा. कोळंबीची टरफले त्याच दुपारी कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर दोन दिवसांत शेजारी बोलेनासे होतात. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीची गाठ मारून फ्रीजरमध्ये टाकावीत आणि कचऱ्याची गाडी येण्याच्या आदल्या रात्रीच बाहेर काढावीत. सुट्टीमुळे गाडीचा वार बदलला आहे का, हे नगरपालिकेकडून आधी विचारून घ्यावे. झाडही त्याच चौकशीत विचारून घ्यावे. काही नगरपालिका जानेवारीत ते घेऊन जातात आणि त्याचा भुसा करून उद्यानातील वाफ्यांवर पसरतात, काही ठिकाणी मात्र ते स्वतः तुकडे करून हिरव्या कचऱ्याच्या डब्यात भरावे लागते, आणि वाळलेल्या पाइनच्या सुया बोचतात म्हणून त्या कामाला हातमोजे लागतात.